इंदूरमध्ये झुपक्याने वाढणारं देशी व्हायोलेट: ओळख, कुंडी आणि पावसाळ्यातली मर

पलासिया_अंगण

नमस्कार मंडळी. पूर्वेकडच्या ओट्यावर कायम राहील असं, झुपक्याने वाढणारं आणि आपल्या देशातलं व्हायोलेट हवं आहे. पॅन्सी नको, ती उन्हाळा लागला की संपते. इथल्या एका रोपवाटिकेत ‘देशी व्हायोलेट’ अशी पाटी लावलेली दोन प्रकारची रोपं आहेत. एकाची पानं लांबट, टोकदार, सगळी मधूनच निघालेली. दुसऱ्याची पानं गोलसर हृदयाकृती आणि बारीक फांद्या कुंडीच्या काठावरून खाली उतरलेल्या. फुलं दोन्हींची जांभळी असतात म्हणे. यातलं झुपक्याचं खरं कोणतं? आमच्याकडे काळी माती आणि बोअरचं पाणी आहे, त्यात निभेल का?

हर्बेरियम

फुलाचा रंग तूर्त बाजूला ठेवा. जांभळा रंग या कुळात इतक्या जातींना आहे की त्यावरून काहीच ठरत नाही. आधी रोपाचा बुंधा बघा. वरची माती बोटाने अर्धा इंच बाजूला केली की उत्तर समोर येतं.

लांबट पानांचं रोप बहुधा व्हायोला बेटोनिसिफोलिया आहे. हिमालयापासून दक्षिणेतल्या उंच डोंगरांपर्यंत आणि पूर्वेकडे थेट ऑस्ट्रेलियापर्यंत ते आढळतं. त्याला जमिनीवर खोड नसतं. जाड, आखूड गड्ड्यातून पानं आणि फुलांचे देठ स्वतंत्रपणे वर येतात. आडव्या धावत्या फांद्या कधीच नसतात, म्हणून झुपका जागच्या जागी भरत जातो.

खात्रीसाठी एक पान देठासकट, अगदी मुळापासून काढा. पात्याचा तळ सपाट किंवा किंचित बाणासारखा असतो आणि तिथून पात्याची हिरवी कड देठावर दोन्ही बाजूंनी थोडी खाली उतरलेली दिसते. म्हणजे देठाच्या वरच्या भागाला अरुंद पंख असतात. मग देठाचा तळ बघा. तिथलं उपपर्ण (देठाच्या बुडाशी असणारं बारीक पानासारखं अंग) देठाला बऱ्याच लांबीपर्यंत चिकटलेलं असतं, फक्त टोक सुटं. या दोन गोष्टी जुळल्या तर शंकेला फारशी जागा उरत नाही.

हृदयाकृती पानांचं आणि फांद्या सोडणारं रोप हे व्हायोला ओडोराटा, म्हणजे औषधात वापरतात तो सुगंधी बनफशा, असू शकतं. ते मूळचं युरोप आणि पश्चिम आशियाकडचं. हिमालयातल्या पिलोसा आणि कॅनेसेन्स या जातीही फांद्या सोडतात आणि बनफशा म्हणून त्यांचाही व्यापार चालतो. ही रोपंही चांगलीच आहेत, पण तुम्हाला हवा तो झुपका त्यांच्यापासून मिळणार नाही.

ओली_सावली

हर्बेरियमदादांच्या खुणांमध्ये बोंडाची भर घालते, कारण फुलं नसतानाही बोंड असतं. ओडोराटाचं बोंड गोल, लवदार आणि मातीला टेकलेलं असतं. बेटोनिसिफोलियाचं लांबट, गुळगुळीत असतं आणि पिकताना देठावर ताठ उभं राहतं. फूल मिळालंच तर पाकळ्यांखालची हिरवी संदलं बघा: ओडोराटात बोथट, बेटोनिसिफोलियात टोकदार. वासावर विसंबू नका. बंद खोलीत ओडोराटाचाही वास कधी येतो, कधी येत नाही.

रोपवाटिकेत ‘व्हायोलेट’ या एका नावाखाली आणखी तीन झाडं विकली जातात, तीही लक्षात असू द्या. आफ्रिकन व्हायोलेट, म्हणजे जाड मखमली पानांचं घरातलं रोप, व्हायोलेटच्या कुळातलंच नाही. फिलिपाइन व्हायोलेट ही आपल्या कोरांटीच्या नात्यातली दोन-तीन फुटी झुडपी बार्लेरिया आहे. ‘नेटिव्ह व्हायोलेट’ अशा इंग्रजी पाटीचं पांढऱ्या-जांभळ्या फुलांचं, जमिनीवर पसरणारं रोप ऑस्ट्रेलियाकडचं आहे. ‘नेटिव्ह’ तिथलं, आपलं नव्हे, आणि तेही फांद्या सोडत धावतं.

सुदामानगरकर

रोप नुसतं पानांचं असेल तर माळव्यातल्या तणांशी गल्लत होते. चुक्याचं कोवळं रोप अगदी अशाच बाणाकृती पानांचं असतं. फरक असा की चुक्याच्या देठाच्या तळाशी खोडाभोवती पातळ पारदर्शक पापुद्र्याची नळी असते. व्हायोलेटला ती नसते. हिरणखुरीचीही पानं सुरुवातीला तशीच दिसतात, पण पंधरा दिवसांत तिची वेल आडवी होऊ लागते. इसबगोलाच्या जातीतल्या तणाच्या शिरा तळापासून टोकापर्यंत समांतर धावतात. व्हायोलेटची मधली शीर एकच ठळक असते, बाकीच्या तिच्यातून फुटतात. आणि ब्राह्मी म्हणून घरोघरी लावतात ती मंडूकपर्णी तर सरळच फांद्या सोडते.

ओळख पटवायची म्हणून चाखून मात्र बघू नका. व्हायोलेटच्या मुळांनी उलट्या होतात.

पलासिया_अंगण

काय नेमकं सांगितलंत सगळ्यांनी! लांबट पानांच्या रोपाला पंख असलेला देठ आहे, फांदी एकही नाही, एक बोंडही ताठ उभं आहे. पाटीच्या मागे पेन्सिलीने ‘पॅट्रिनी’ लिहिलं आहे. ती वेगळी जात का? आणि आता मातीचं सांगा.

हर्बेरियम

भारतातल्या जुन्या वनस्पतिकोशांत हीच झाडं व्हायोला पॅट्रिनी या नावाखाली नोंदलेली आहेत. खरी पॅट्रिनी उत्तर आशियातली, सायबेरिया-जपानकडची, पांढऱ्या फुलांची. आपल्याकडच्या जांभळ्या फुलांच्या झाडांना आता बेटोनिसिफोलिया म्हणतात. तेव्हा पाटी जुन्या नावाची आहे, रोप तेच.

घेण्याआधी एक विचारा: रोप बियांपासून किंवा गड्डा फोडून वाढवलेलं आहे का, की डोंगरातून उपटून आणलेलं? बनफशाच्या औषधी मागणीमुळे हिमालयातले व्हायोलेटचे ताटवे मुळासकट खरवडले जातात. रोपवाटिकेत वाढलेल्या रोपाची मुळं पिशवीभर पसरलेली असतात. उपटून आणलेल्याची तुटकी असतात आणि भोवती वेगळ्याच रंगाच्या मातीचा गोळा दिसतो. तसं दिसलं तर घेऊ नका. ते टिकतही नाही.

कुंडी_गणित

काळी माती या रोपाला नको. पावसात ती फुगते आणि पाणी धरून बसते. उन्हाळ्यात आकसून तडकते आणि त्या तड्यांबरोबर बारीक मुळं तुटतात. जमिनीतच लावायचं असेल तर दीड फूट लांब-रुंद आणि एक फूट खोल खड्ड्यातली माती काढून टाका आणि आळं जमिनीपेक्षा सहा इंच उंच करा. नाही तर चारही बाजूंचं पाणी पावसाळ्यात त्या खड्ड्यातच येऊन बसेल. ओट्यासाठी मी कुंडीच सांगेन.

आठ इंची मातीची कुंडी, खाली भोक एक असेल तर आणखी दोन पाडलेली. प्लास्टिकची नको. मातीच्या कुंडीच्या भिंतीतून पाणी झिरपून उडतं, त्यामुळे मुळांपाशी गारवा राहतो. मिश्रण मापाने असं: पानांचं कुजलेलं खत २ भाग, चाळलेली लाल माती १ भाग, जाड वाळू किंवा बारीक मुरूम १ भाग, कंपोस्ट अर्धा भाग. सगळं पाच मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. चाळून पडलेल्यातली तळाशी बसणारी पीठासारखी धूळ टाकून द्या, कारण तीच पुढे थर होऊन बसते. वाळू बांधकामाची चालेल, पण दोनदा धुऊन घ्या.

तपासायची सोपी रीत: कुंडी भरून पूर्ण भिजवा, निथळू द्या, मग वरून अर्धा लिटर पाणी ओता. एका मिनिटाच्या आत खालून धार लागली पाहिजे. पाणी वर साचून राहिलं तर मुरूम अर्धा भाग वाढवा.

कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घालू नका असं माझं स्पष्ट मत आहे. हिवाळ्यात त्यात रोप छान दिसतं, पण ऑगस्टमध्ये ते स्पंजासारखं पाणी धरून ठेवतं आणि गड्डा सडतो.

तिलकनगर_गच्ची

कंपोस्टवरून आठवलं म्हणून लिहितो. शहरात पिकं आणि खत यांवर काम झालं ते इथल्याच कृषी महाविद्यालयाच्या आवारात. तिथे १९२४ मध्ये वनस्पती उद्योग संस्था सुरू झाली आणि इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी तिथेच कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली. पालापाचोळा, शेण, गोठ्यातली माती आणि लाकडाची राख यांचे थर, ठरावीक अंतराने पालटणं आणि सुमारे तीन महिन्यांत खत तयार. ही पद्धत जगभर गेली आणि आपल्याच गावात कचऱ्याबरोबर पाला जळतो, हे मनाला लागतं.

व्हायोलेटसाठी मात्र त्यात एक बदल हवा: राख वगळा. राखेने मिश्रण अल्कधर्मी होतं आणि आपल्या बोअरच्या पाण्याने ते आधीच तसं झुकलेलं असतं. शिरीष, गुलमोहर यांची बारीक पर्णिकांची पानं लवकर कुजतात. सागाची वेळ घेतात, निलगिरीची नकोतच. पाला ओला करून भोकं पाडलेल्या पोत्यात दाबून भरा, महिन्याला एकदा हलवा आणि सुकला की पाणी शिंपडा. हिवाळ्यात भरलेलं पोतं पुढचा पावसाळा संपेपर्यंत वापरण्याजोगं होतं. हातात घेतल्यावर पान ओळखू येऊ नये आणि वास ओल्या जंगलाचा यावा.

पलासिया_अंगण

बोअरच्या पाण्याने नेमकं काय होतं? आणि ऊन किती?

कुंडी_गणित

आपल्याकडे खाली बेसॉल्ट आहे, बोअरचं पाणी क्षारयुक्त. दोन-तीन महिन्यांनी कुंडीच्या बाहेर पांढरे पट्टे उठतात आणि नवी पानं पिवळी पडतात, पण त्यांच्या शिरा हिरव्या राहतात. लोक नत्र कमी पडलं समजून युरिया टाकतात. मातीत लोह असतं, पण अल्कधर्मी मिश्रणात मुळांना ते घेता येत नाही, म्हणून नवं पान पिवळं पडतं. नत्राच्या कमतरतेत आधी जुनं, खालचं पान अख्खं पिवळं होतं, शिरांसकट. हा फरक पक्का ध्यानात ठेवा.

उपाय: पिण्यासाठी येणारं नर्मदेचं पाणी मिळेल तेव्हा तेच द्या, बादलीत रात्रभर उघडं ठेवून. पावसाळ्यात गच्चीचं पाणी साठवा. बोअरचंच द्यावं लागलं तर महिन्यातून एकदा कुंडीच्या तिप्पट पाणी ओतून क्षार खाली काढा. ताटलीत निथळलेलं पाणी तसंच ठेवलं तर क्षार परत वर चढतात. पिवळेपणा दिसलाच तर चिलेटेड लोह अर्धा ग्रॅम एक लिटर पाण्यात, संध्याकाळी पानांवर फवारा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. जुनी पिवळी पानं हिरवी होत नाहीत, नवी येतात ती बघायची.

ओली_सावली

उन्हाचं सांगते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळचं तीन-चार तासांचं थेट ऊन द्या, त्याशिवाय फूल नाही. मार्चच्या मध्यापासून ते दोन तासांवर आणा. एप्रिल ते पहिला पाऊस: थेट ऊन नको, ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी आणि तीही रोपापासून किमान दोन फूट वर. पानांना टेकलेली जाळी स्वतः तापते. पश्चिमेची चुन्याने रंगवलेली भिंत जवळ असेल तर कुंडी तिथून हलवा. ऊन पडत नसलं तरी भिंतीची उष्णता संध्याकाळी आठपर्यंत येत राहते.

मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा कुंडीत कुंडी हा उपाय उत्तम. आठ इंची कुंडी बारा इंची मातीच्या कुंडीत ठेवायची, मधल्या जागेत वाळू भरायची आणि सकाळ-संध्याकाळ ती वाळू भिजवायची. लू, म्हणजे उन्हाळ्यातला गरम वारा, कोरडी असते, म्हणून बाष्पीभवन जोरात होतं आणि मुळांभोवती गारवा टिकतो. पहिला पाऊस पडला की आतली कुंडी त्याच दिवशी बाहेर काढा. दमट हवेत हा उपाय उलटा पडतो.

बरीच पानं जूनपर्यंत वाळतात, झुपका विरळ होतो. गड्डा बोटाने दाबून बघा: टणक असेल तर रोप जिवंत आहे, पाणी वाढवू नका. मऊ लागला, खाली तपकिरी पाणी सुटलं तर ते गेलं.

सुदामानगरकर

माझ्या मते उन्हाळ्याची जेवढी धास्ती घेतली जाते तेवढी पावसाळ्याची घेतली जात नाही आणि रोपं जातात ती ऑगस्टमध्ये. मे महिन्यात पान जळतं, पण गड्डा वाचतो. ऑगस्टमध्ये दहा-बारा दिवस ऊन नाही, कुंडी सतत ओली, हवा हलत नाही, अशा वेळी बुरशी गड्ड्यात शिरते. वरून पानं हिरवीगार दिसतात आणि एके सकाळी अख्खा झुपका हातात येतो.

म्हणून जून संपायच्या आत तीन कामं. कुंडी विटांवर चढवा, भोकं मोकळी आहेत का ते तारेने तपासा. गड्ड्याच्या मानेभोवतीची माती बाजूला सारून तिथे एक सेंटिमीटर जाड वाळूचा थर द्या. आणि उन्हाळ्यात घातलेलं पालापाचोळ्याचं आच्छादन पूर्ण काढा, कारण गोगलगायी दिवसा त्याखालीच लपतात. मग कुंडी छपराच्या कडेला ठेवा, जिथे हवा आहे पण सलग पाऊस नाही. बोटभर खोल माती कोरडी लागेपर्यंत पाणी नाही, मग चार दिवस लागोत की आठ.

पलासिया_अंगण

एक कोडं आहे. रोपवाटिकेतला माळी म्हणतो की या रोपाला एप्रिलपासून फूल आलं नाही, तरी बोंडं येतच आहेत. फुलाशिवाय बोंड कसं?

हर्बेरियम

फूल येतं, फक्त उघडत नाही. व्हायोलेटला दोन तऱ्हेची फुलं येतात. दिवस लहान आणि हवा थंड असताना उघडणारी जांभळी फुलं. दिवस मोठा आणि उष्ण झाला की मिटलेली फुलं: हिरवी, तीन-चार मिलिमीटरची, पाकळ्या नसल्यासारखीच. ती आतल्या आत स्वतःचंच परागण करतात आणि बी धरतात. इंदूरला जूनमध्ये दिवस साडेतेरा तासांचा होतो, डिसेंबरात पावणेअकरा तासांचा. त्यामुळे उघडी फुलं साधारण डिसेंबरअखेर ते मार्च आणि बाकीचे महिने मिटलेली, हा या रोपाचा स्वभावच आहे.

एखादं मिटलेलं फूल ब्लेडने उभं चिरून दहापट भिंगाखाली बघा. पिवळसर पुंकेसर वाकून कुक्षीला चिकटलेले दिसतील. पराग तिथेच, पिशवीतून बाहेर न पडता, रुजलेले असतात. वाऱ्याची गरज नाही, कीटकाचीही नाही.

हिवाळ्यातही फूल नसेल तर मात्र कारण शोधावं लागतं. बहुतेक वेळा सावली जास्त किंवा नत्र जास्त झालेलं असतं. पानं नेहमीपेक्षा लांब आणि गडद, फूल शून्य, ही नत्राची खूण. नोव्हेंबर ते फेब्रुवारी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) एक ग्रॅम प्रति लिटर, तीन आठवड्यांतून एकदा, एवढं पुरे. एप्रिल ते सप्टेंबर खत बंद.

तिलकनगर_गच्ची

बोंडं काढून टाकावीत का? काही जण म्हणतात, बी धरण्यात रोपाची ताकद जाते.

ओली_सावली

निम्मी काढा, निम्मी ठेवा. पहिल्या वर्षीच्या लहान रोपाची सगळी काढली तरी हरकत नाही. भरलेल्या झुपक्याला काही फरक पडत नाही आणि बी हाच तर या रोपाचा विमा आहे. गड्डा ऑगस्टमध्ये गेला तरी शेजारच्या कुंडीत पिल्लं उगवलेली असतात.

बी गोळा करण्याची वेळ साधावी लागते. कोवळं बोंड मान खाली घालून असतं. पिकू लागलं की देठ सरळ होतो, बोंड आकाशाकडे तोंड करतं, रंग हिरव्यावरून पिवळट होतो. त्याच दिवशी देठासकट कापून कागदी पाकिटात टाका, तोंड बंद करून. एक-दोन दिवसांत बोंड तीन फाकांत उघडतं, प्रत्येक फाक सुकताना दोन्ही बाजूंनी आवळते आणि बी एकेक करून उडवते. पाकिटात टप टप आवाज येतो. एक दिवस उशीर झाला की कुंडीत तीन रिकाम्या होड्या उरतात.

प्रत्येक बियेच्या टोकाला एक पांढरट, तेलकट तुकडा असतो. मुंग्या त्यासाठी बी ओढून नेतात, तुकडा खातात आणि बी टाकून देतात. म्हणून फरशीच्या फटीत, पायरीच्या कडेला रोपं उगवलेली दिसतात. पेरणीच्या ट्रेला मुंग्या लागू नयेत म्हणून ट्रे पाण्याच्या परातीत विटेवर ठेवा.

सुदामानगरकर

पेरणी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत. ताजं बी असेल तर सरळ पेरा: तीन मिलिमीटर खोल, वर बारीक वाळू आणि त्यावर उगवेपर्यंत कागद, कारण अंधारात उगवण बरी होते. पाणी वरून ओतू नका, ट्रे पाण्यात ठेवून खालून शोषू द्या. अंकुरायला तीन ते पाच आठवडे धरा. तेवढ्यात धीर सोडून ट्रे उलटा करू नका.

हर्बेरियम

जुन्या किंवा हिमालयातून आलेल्या बियांसाठी थंडीची पायरी घाला. ओलसर, पिळून घेतलेल्या वाळूत बी मिसळून झिपच्या पिशवीत, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात चार ते सहा आठवडे. फ्रीझरमध्ये नाही. दर आठवड्याला उघडून हवा द्या, बुरशी दिसली तर वाळू बदला. कोंब दिसताच बाहेर काढून पेरा.

सुदामानगरकर

दादा, इंदूरच्याच कुंडीतलं, याच वर्षीचं बी असेल तर फ्रिजची गरज मला वाटत नाही. पायरीच्या फटीत पडलेलं बी कोणत्या फ्रिजमध्ये गेलेलं असतं? निम्मं थेट पेरावं, निम्मं थंडीत ठेवावं. दोन्हीकडून रोपं मिळतात आणि आपल्या बियेला काय मानवतं ते एका हंगामात कळतं.

हर्बेरियम

ताज्या बियेबद्दल मान्य. निम्मं-निम्मं हेच उत्तम.

कुंडी_गणित

गड्डा फोडून रोपं करायची तर ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. पाऊस ओसरलेला, थंडी यायची आहे, मुळं धरायला चार महिने हातात. झुपका किमान दोन वर्षांचा असावा. आदल्या संध्याकाळी पाणी द्या. रोप काढून मुळं बादलीत धुवा, म्हणजे डोळे दिसतात. स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने असे तुकडे करा की प्रत्येकाला निदान दोन-तीन डोळे आणि बोटभर लांबीची पांढरी मुळं असतील. तपकिरी, पोकळ मूळ कापून टाका. कापलेल्या जागी दालचिनीची पूड किंवा हळद चोपडा, तासभर सावलीत सुकू द्या. पानं निम्मी छाटा, नाही तर मुळं जेवढं पाणी ओढू शकत नाहीत तेवढं पानं उडवतात.

लावताना सगळ्यांत महत्त्वाचं: डोळे मातीच्या पातळीला. वर एक सेंटिमीटर माती चढली तरी पुढच्या पावसात कूज. वर्षभरात गड्डा आपोआप वर उचलला जातो, तेव्हा तो उघडा पडला म्हणून माती चढवायचा मोह होतो. चढवू नका, काढून पुन्हा नीट बसवा. लावल्यावर दहा-बारा दिवस पूर्ण सावली.

पलासिया_अंगण

पानाखाली बारीक जाळं आणि वर पिवळे ठिपके दिसतात. दुसऱ्या रोपवाटिकेतल्या रोपावर पाहिलं. औषध काय?

ओली_सावली

लाल कोळी. मार्च ते जूनच्या कोरड्या हवेत येतो. पांढरा कागद पानाखाली धरून पान टिचका, हलणारे ठिपके दिसले की तोच. पहिलं औषध पाणी: सकाळी सकाळी पानांच्या खालच्या बाजूला जोराचा फवारा, एक दिवसाआड तीन वेळा. तरीही राहिला तर पाण्यात विरघळणारं गंधक दोन ग्रॅम प्रति लिटर, पण फक्त पारा ३५ अंशांच्या खाली असताना. मे महिन्यात गंधक मारलं तर कोळ्याआधी पान जळतं. गंधक आणि निंबोळी तेल यांत पंधरा दिवसांचं अंतर ठेवा.

माव्याला निंबोळी तेल पाच मिलि आणि साबणाचं पाणी एक मिलि प्रति लिटर. पानाखाली नारिंगी पावडरीचे फोड दिसले तर तो तांबेरा. ती पानं काढून पिशवीत बंद करून फेका, कंपोस्टात टाकू नका आणि पानांवर पाणी पडू देऊ नका.

हर्बेरियम

फवारणीआधी एक विनंती. काळ्या अंगावर पाठीवरून नारिंगी पट्टा आणि काटे असलेली अळी व्हायोलेटवर दिसली तर ती इंडियन फ्रिटिलरी या फुलपाखराची असू शकते. तिचं खाद्यच व्हायोलेट आहे. ऑस्ट्रेलियात या फुलपाखराची तिथली उपजात नाहीशी होण्याच्या काठावर आहे आणि तिची अळी याच बेटोनिसिफोलियावर जगते. अळीने झुपका पूर्ण खाल्ला तरी गड्ड्यातून पानं पुन्हा फुटतात.

आणि मैदानी माळव्याचं स्वतःचं, उन्हाला न डगमगणारं व्हायोलेट-कुळातलं रोप हवं असेल तर रतनपुरुष लावा. गुलाबी-जांभळी एकच मोठी पाकळी, वितीएवढं ताठ रोप, खडकाळ गवताळ जागेत पावसाळ्यात उगवतं. टॉनी कॉस्टर फुलपाखराची अळी त्यावर वाढते. झुपका नाही, सावलीची गरज नाही, जाळीही नको. बी जूनमध्ये थेट मुरमाड मातीत टाका, रोप उपटून आणू नका, त्याचं सोटमूळ हलवलेलं सोसत नाही.

पलासिया_अंगण

लांबट पानांची दोन रोपं घेते आणि रतनपुरुषाचं बी शोधते. सध्या सप्टेंबरचा तिसरा आठवडा, पाऊस अधूनमधून आहे. आणल्याबरोबर कुंडी बदलू का?

कुंडी_गणित

नाही. पिशवीतच दहा दिवस सावलीत राहू द्या, ताई. पानाखाली काही जिवंत नाही ना ते रोज बघा, इतर कुंड्यांपासून लांब ठेवा. पाऊस थांबला की मिश्रण भरून लावा, मुळांचा गोळा न फोडता, फक्त खालची वळलेली मुळं सैल करा. पिशवीतली माती काळी चिकट निघाली तर मात्र ती धुऊन काढा, कारण नव्या मिश्रणात तो गोळा एकटाच ओला राहतो. लावल्यावर एकदा पोटभर पाणी आणि पुढचं पाणी बोट घालून बघितल्यावरच.